भाकर मोडेना

प्रवरेच्या काठी आंबीखडक नावाचे लहानसे गाव. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत कृपानाथबाबा वर्षातून एकदा येत. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी आणि मुखी प्रभू येशूचे नाव! बाबा आले की प्रभुभोजन होई; येशूच्या आठवणीत बाबा भाकर मोडत आणि सारे ती वाटून खात. त्यासाठी सारे गाव वर्षभर त्यांची वाट पाही.

प्रभुभोजनाची भाकर भाजायचा मान बाबांनी सलोमीला दिला होता. सलोमी जन्मांध. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या गमलिएल मास्तरांना हे मुळीच रुचत नसे. "देवाघरचं काम डोळसानं करावं. हिला तवा तरी दिसतो का?" असे ते चारचौघांत बोलून दाखवत.

भोजनाआधी हजेरी घ्यायची तिथे रीत होती. मास्तर एकेका घराचे नाव पुकारत आणि घरातला कर्ता पुरुष "सगळी हाजर!" म्हणून ओ देई. मास्तरांच्या घराचे नाव मास्तरच पुकारत आणि ओही तेच देत. त्या रविवारीही तसेच झाले. गाणे झाले, प्रार्थना झाली. बाबांनी भाकर हाती घेतली, उपकार मानले आणि मोडू लागले.

भाकर मोडेना!

पापडासारखी पातळ भाकर ती, पण बाबांच्या हातात ढिम्म हलेना. मास्तर हसले. "कच्ची राहिली असणार. मी सांगत नव्हतो?" मंडळीतही खसखस पिकली. बिचारी सलोमी पदराआड तोंड लपवून बसली. मास्तरांनी लगबगीने आपल्या घरची भाकर मागवली, चांगली खरपूस भाजलेली. बाबांनी ती घेतली. तीही मोडेना! आता मात्र हसणे थांबले आणि मागचे लोक माना उंचावून पाहू लागले. हे काय गौडबंगाल असावे?

बाबा शांतपणे म्हणाले, "भाकरीत खोट नाही. प्रभूच्या पंगतीला कुणीतरी यायचं राहिलंय. कोण ते बघा."

मास्तरांनी चष्मा पुसला. ओळीओळीने साऱ्यांवर नजर फिरवली. "बाबा, एकूण एक घर हजर आहे."

"बाबा, बोलू का?" सलोमी चाचरत म्हणाली. "लेआबाई न्हाईत. त्या गाण्याची ओळ नेहमी सगळ्यांच्या आधी उचलत्यात. आज कुणीच उचलली न्हाई. मागल्या रविवारीबी न्हाई."

मास्तरांचा चेहरा उतरला. लेआ म्हणजे त्यांच्याच धाकट्या भावाची विधवा; हजेरीत ती त्यांच्याच घरात मोजली जाई. दोन घरांत एकच भिंत. त्याच भिंतीवरून भांडण झाले आणि चार वर्षे मास्तरांनी तिच्याशी अबोला धरला होता. तरीही दर वेळी "सगळी हाजर" म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती!

"चला मास्तर," बाबा म्हणाले, "तुम्हीच पुढं व्हा."

दार नुसते लोटलेले होते. आत लेआ तापाने फणफणत जमिनीवर पडली होती. माठ कोरडा ठणठणीत. ओठांना भेगा पडलेल्या. आणखी एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती. मास्तर धावत आपल्या घरी गेले, तांब्या भरून आणला आणि तिचे डोके मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजले. "लेआ, अगं, हाक तरी मारायचीस!"

"मारली व्हती, भाऊजी," ती कशीबशी म्हणाली.

बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काय नवल सांगावे, घाम फुटून ताप उतरू लागला. चौघांनी तिला बाजेवरून देवळात आणले. बाबांनी पुन्हा सलोमीची भाकर हाती घेतली. बोट लागताच ती अलगद मोडली. धन्य प्रभू, धन्य त्याची करुणा!

पहिला तुकडा बाबांनी मास्तरांच्या हातावर ठेवला. तो घेऊन मास्तर सलोमीपुढे आले आणि साऱ्या मंडळीदेखत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. "सलोमे, आंधळा मी गं. माझ्यासाठी प्रार्थना कर."

ती दचकली. चाचपडत तिने हात पुढे केला, तो त्यांच्या ओल्या गालांना लागला.

"उठा मास्तर," ती म्हणाली. "आधी लेआबाईंना भरवा. त्यांच्या हातात बळ न्हाई."

प्रभू येशू तुम्हा-आम्हा सर्वांना अशीच दृष्टी देवो. आमेन.