गाडीचा पंखा

घरात पंखा आधी कुणाला मिळावा, सांगाल? तात्यासाहेबांनी तो आपल्या जुन्या गाडीला दिला. मेकॅनिकने रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसवला, बॅटरीपासून वायर ओढली. आता इंजिन तापलं, की पंखा आपोआप फिरू लागे. तात्यासाहेब पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत होते. पत्र्याच्या स्वयंपाकघरासाठी पंखा मागून थकलेली त्यांची सून मालन तेवढ्यात चहा घेऊन आली.

"मामंजी, मला कधी?"

तात्यासाहेब हसले. "अगं, इंजिन तापलं की बंद पडतं. तुझं तसं आहे का?"

"नाही ना," मालन म्हणाली. "तेवढीच चूक झाली माझी. इतकी वर्षं तापले, पण एकदाही बंद पडले नाही."

पाहुण्यांनी घाईघाईने चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनने गॅस पेटवला नाही.