दहा रात्री, एक छप्पर

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, पण दोघांच्या मधून वाहणारी नदी अजून आहे म्हणतात. नदीच्या पलीकडच्या राज्यात, काठापासून दोन दिवसांच्या चालीवर, एका डोंगरावर देवीचं ठाणं होतं. त्याचं दार वर्षातून एकदाच उघडे, चैत्रातल्या पौर्णिमेला.

अलीकडच्या राज्यातले लोक दरसाल पायी तिकडे जात. महिनाभराची वाट होती. ज्याच्या बारा खेपा पुऱ्या होत, त्याला डोंगरावरची मोठी घंटा वाजवायचा मान मिळे. उगीच कुणीही उठून ती वाजवायची नाही.

निंबाजी हा घोंगड्या विणणारा. त्याच्या अकरा खेपा झाल्या होत्या. बारावीला तो निघाला तेव्हा त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पुढच्या वर्षाचा भरवसा धरू नकोस, असं ते रोज सकाळी उठताना त्याला बजावत. म्हणून घंटा वाजली तर याच खेपेला वाजणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्याबरोबर आणखी सहाजण होते, आणि निंबाजी त्यांचा म्होरक्या. म्होरक्यानं पुढे चालायचं आणि वाटेचा नेम सांभाळायचा. नेम एकच, पण कडक होता. वाटेवरच्या माणसानं एका छपराखाली दोन रात्री निजायचं नाही. निजला की खेप वाया गेली. पायाला फोड असोत नाहीतर अंगात कणकण, उजाडलं की उठायचं. अकरा खेपांत निंबाजीनं हा नेम एकदाही मोडला नव्हता, आणि ही गोष्ट तो ऐकणाऱ्याला सांगे तशीच न ऐकणाऱ्यालाही सांगे.

त्या वर्षी मुलखात तापाची साथ पसरली. सातजण नदीवर पोचले, तर नाव काठाला बांधलेली. दोन्ही राजांनी मिळून घाटावर चौकी बसवली होती आणि चौकीमागे ओळीनं गवताच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. चौकीवर एक वैद्यबाई होती. बोलायला सौम्य, पण ऐकवायला पक्की.

"दहा रात्री इथं थांबायचं," ती म्हणाली. "प्रत्येकाला आपापली झोपडी. जेवण दाराशी येईल. हा ताप आठ-आठ दिवस अंगात लपून बसतो. अंथरायच्या पेंढ्यातून, पाण्याच्या माठातूनसुद्धा दुसऱ्याला लागतो. दहा रात्रींनंतर जो धडधाकट असेल त्याला पलीकडे सोडू."

निंबाजीनं बोटांवर दिवस मोजले. पौर्णिमा तेरा दिवसांवर होती. दहा रात्री आणि वर दोन दिवसांची चाल. म्हणजे एक दिवस हाताशी उरत होता. वेळेचं जमलं, पण नेमाचं काय? एका छपराखाली दहा रात्री! बाई आणखी बरंच काही सांगत होती, पण निंबाजीचं डोकं तिथंच अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याला युक्ती सुचली. चौकीतले लोक जेवायला बसले की प्रत्येकानं आपली घोंगडी उचलायची आणि उजव्या हाताच्या झोपडीत जायचं. शेवटच्यानं पहिलीत यायचं. सकाळी चौकीदार पाहील तेव्हा सात झोपड्या, सात माणसं.

"निंबा," कोंडाक्का दारातूनच म्हणाली. ती सगळ्यांत वडील होती. "बाईनं आपापल्या झोपडीत ऱ्हावा म्हणलंय."

"अक्का, आपन कुनाच्या जवळ बसतोय का? एक भाईर पडला की मग दुसऱ्यानं आत जायाचं. मानूस मानसाला भेटत न्हाई. बाईचाबी नेम ऱ्हातो, आपलाबी ऱ्हातो."

आपल्या अकलेवर तो इतका खूश होता की त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. घोंगड्या ज्याच्या त्याच्या हलत होत्या. पेंढा आणि माठ मात्र जिथल्या तिथं राहत होते, आणि त्यांचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

कोंडाक्काच्या उजवीकडे सोनबा नावाचा कुंभार होता. रोज संध्याकाळी सोनबा जी झोपडी सोडी, तीत कोंडाक्का जाई. त्यानं दाबलेल्या पेंढ्यावर पाठ टेकी आणि त्याच्याच माठातलं पाणी पिई. आणि कोंडाक्का जी सोडी, तीत निंबाजी.

सहाव्या दिवशी सकाळी सोनबा उठलाच नाही. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

वैद्यबाई आली, तिनं त्याची नाडी पाहिली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. मग बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "या झोपडीत याच्याशिवाय कुणी राहिलं होतं का? राहिलं नसेल तर बाकीच्यांना पाच रात्रींनी सोडते. राहिलं असेल तर सगळ्यांच्या दहा रात्री आजपासून नव्यानं."

सगळे निंबाजीच्या झोपडीकडे बघत होते. निंबाजी नदीकडे बघत होता.

"दुपारी पुन्हा येते," बाई म्हणाली आणि गेली.

नव्यानं दहा रात्री म्हणजे पौर्णिमा गेली, दार मिटलं, घंटा राहिली. नुसतं गप्प राहिलं तरी पुरत होतं, खोटंही बोलावं लागत नव्हतं. आणि माझ्या अंगात कुठं ताप आहे, असं त्यानं स्वतःला दोनदा समजावलं.

पलीकडच्या काठावरचं गाव तिथून स्वच्छ दिसे. नावेतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय त्या गावात ऊन पाण्यानं धुतले जात. अकरा वर्षं निंबाजीचे पाय एकाच बाईनं धुतले होते, पारूबाईनं. तिच्या घरावरचा धूर त्याला ओळखू येत होता.

तेवढ्यात कोंडाक्कानं हाक मारली.

"निंबा, आपला नेम कुनी घातला, ठावं हाय का तुला?"

"जुन्यांनी."

"कशापायी?"

चाळीस गावांत त्या नेमाची फुशारकी मारलेला माणूस तो, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"माझी आजी सांगायची," कोंडाक्का म्हणाली. "दुष्काळात चालणारी मानसं एकेका गावात आठ-आठ दिस बसून खायाची. गावाच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. शेवटाला गावं दारं लावाय लागली. तवा जुन्यांनी ठरवलं, एक रात निजायचं आन् उठायचं. आपल्यापायी कुनाच्या घराला झळ लागू नये, म्हनून नेम. देवीनं न्हाई घातला तो."

निंबाजीनं पारूबाईच्या धुराकडे पाहिलं. आपण उतरणार, ती पाय धुणार, तिच्या चुलीशी बसून आपण भाकरी खाणार. आणि उठून गेलो की मागं त्या घरात ताप राहिला तर?

त्याला लाज वाटली. घंटेसाठी जीव तुटत होता, तो तुटतच राहिला, पण लाज त्याहून मोठी झाली.

दुपारी बाई येताच तो दारात उभा राहिला. "बाई, आमी झोपड्या बदलत व्हतो. रोज. ही अक्कल माझी. बाकीच्यांना बोल लावू नका."

बाई रागावली नाही. तिनं फक्त सगळा पेंढा जाळायला लावला, माठ फोडायला लावले आणि नवे आणून दिले. त्या रात्री निंबाजी जिथं निजला, तिथंच तो पुढल्या सगळ्या रात्री निजला.

दोन दिवसांनी कोंडाक्काला ताप भरला. तिचं वय झालेलं, ती पार खंगली. निंबाजी आपल्या दारात बसून तिच्या झोपडीकडे बघे आणि तिचं खोकणं थांबलं की घाबरे. जवळ जायची मुभा नव्हती. आता तो नेम त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पौर्णिमा आली आणि गेली. त्या दिवशी निंबाजी जेवला नाही.

पुढं सोनबा बरा झाला. कोंडाक्काही काठी टेकत दाराबाहेर आली. शेवटी एका सकाळी बाई म्हणाली, "आता सगळे मोकळे आहात. जा पलीकडे."

"दार मिटलं, आता कुठं जायाचं," निंबाजी म्हणाला आणि घोंगडीची घडी घालू लागला.

तोच पलीकडून नाव आली. तीतून पारूबाई उतरली. तिच्या कमरेवर पितळी घंगाळ होतं. नावाड्याकडून तिच्या गावाला सगळं कळलं होतं.

"वरच्या घाटानं चार चालणारे चोरून उतरले," ती म्हणाली. "त्या घाटावरच्या गावात आता तापानं निम्म्या चुली थंड हायेत. आमच्या गावात एकबी न्हाई."

"माझी घंटा ऱ्हायली, बाई," निंबाजी म्हणाला.

"घंटा डोंगरावर हाय, ती कुठं पळत न्हाई. पाय हितं हायेत, ते पुढं करा."

आणि तिनं अलीकडच्या काठावर, ऊन पाण्यानं, त्याचे पाय धुतले. अकरा वर्षांत तो कधी रडला नव्हता. आज मात्र तो घळाघळा रडला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

त्याच्या गुडघ्यांनी खरंच पुढच्या वर्षी साथ दिली नाही. बारावी खेप झाली नाही आणि घंटाही वाजली नाही. पण साथ हटेपर्यंत घाटावर जो जो येई, त्याच्यासाठी निंबाजीनं विणलेली एक घोंगडी झोपडीत ठेवलेली असे. आणि पलीकडच्या गावात संध्याकाळी सगळ्या घरांवर धूर दिसे.

म्हणून ध्यानात ठेवा: नेम कुणासाठी केला हे जो विसरतो, तो नेम पाळूनही मोडतो.