पलीकडची हलगी

रविवार, दुपारचे साडेचार. नांदवड्याचे नदीकाठचे मैदान, फुटबॉलचा सामना. खालच्या तालमीने गोल मारला आणि तिचे सगळे पाठीराखे एकदम गप्प झाले. बांधावर हलगी वाजली, थांबली. सगळी तोंडे नदीकडे वळली. जरा वेळाने दुसरी हलगी वाजली, तेव्हा कुठे शिट्ट्या सुरू झाल्या.

"गोल तुमचाच ना? मग सुतक कसलं?" शहरातून आलेल्या एका पाहुण्याने विचारले.

"पलीकडच्यांना कळाय नको व्हय, पावणं?" सत्तरीतले आप्पा खवरे म्हणाले. पलीकडे उसाशिवाय काही दिसत नव्हते. पण त्या उसामागे करंजवाडी आहे आणि आप्पांची बहीण तिथेच दिली आहे. एके काळी या बांधावर तिचा आवाज गड्यांच्या वर असे. आता गुडघे धरले, नावेत चढवत नाही. ओट्यावर बसून ती फक्त कान देते.

आप्पा चुलत्यांकडून ऐकलेले सांगतात ते असे. पूर्वी तालीम दोन्ही काठांची होती. पाणी चढून नाव बंद झाली की करंजवाडीकर पलीकडे उभे राहून कानांनी सामना बघत. इकडे गोल झाला की आप्पांचे चुलते हलगी वाजवत आणि तिकडून येसबा कातवरे जबाब देई. पलीकडचा जबाब आल्याशिवाय जल्लोष नाही आणि पुढचा खेळही नाही, असा शब्द कप्तानाने तालमीच्या मारुतीपुढे दिला होता, म्हणे.

एका साली वरच्या पेठेशी अंतिम सामना लागला. नदी भरून चालली होती. शेवटी शेवटी खालच्या तालमीने गोल मारला. हलगी वाजली, जबाब नाही. पुन्हा वाजवली. पंचांनी शिट्टी फुंकली, तरी एकही गडी जागचा हलेना.

"खेळायचंय का नाही?"

"येसबा वाजवंल. थांबा की जरा," कप्तान म्हणाला.

"बोलवा त्याला, च्या पाजू," वरच्या पेठेतून कुणी खिजवले.

पंच थांबून थांबून कंटाळले आणि त्यांनी सामना वरच्या पेठेला दिला. हातातला कप गेला.

येसबा पलीकडे नव्हताच. अंतिम सामना डोळ्यांनी बघायचा म्हणून तो चढत्या पाण्यात एकटाच नाव घेऊन निघाला होता. नाव मधेच उलटली. संध्याकाळी त्याची हलगी या काठाला लागली. कातडे कोरडे होते, म्हणे.

आजही येसबाच्या वतीने दुसरी हलगी इकडचाच कुणी वाजवतो. पंचही तेवढे थांबतात. ती वाजण्याआधी आप्पांचा हात मात्र दर वेळी कानामागे जातो.

ती नाव उलटल्यानंतर पूल मंजूर झाला. पात्रात चार खांब उभे आहेत. काठावरच्या कोनशिलेवर पूल पूर्ण झाल्याचे कोरलेले आहे. खांबांवरचा पूल कुठे गेला, हे नांदवड्याला अजून कुणी सांगितलेले नाही.