घोंगडीखालचा ओतारी

एका राज्यात भानजी नावाचा ओतारी होता. धातू वितळवून घंटा आणि समया ओतणे हा त्याचा धंदा, आणि चाळीस वर्षांत त्याची एकही घंटा तडकली नव्हती. त्याला कमळजा नावाची एकुलती एक लेक. बापलेक दोघेही भारी मानी. मान तुकवायची ती भट्टीपुढे, बाकी कुणापुढे नाही, अशी घरची रीत.

एका चैत्रात उत्तरेच्या डोंगरावरून तुहिनाक्ष नावाचा मांत्रिक आला. तो चाले तिथे पायाखाली बर्फ साचे. त्याचे कुणाला नवल वाटेना, मांत्रिक म्हटला की असे चालायचेच. राजा प्रतापकेतूसकट सगळा दरबार त्याच्यापुढे वाकला. भानजी तेवढा ताठ उभा. झाले, मांत्रिकाने फुंकर मारली आणि भर दरबारात भानजीचा बर्फाचा पुतळा झाला.

चैत्राचे ऊन काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. पुतळा वितळला की बाप गेला. पण कमळजेने डोळ्यांतून टिपूस काढले नाही. सरळ मांत्रिकासमोर जाऊन तिने उःशाप मागितला.

"तीन दिवस, तीन कामे," तुहिनाक्ष म्हणाला. "एक चुकले, तर बापाशेजारी तुझाही पुतळा."

"मान्य," कमळजा म्हणाली.

निवाड्याला राजाची साळुंकी बसवली. ती माणसासारखी बोले, आणि खोटे बोलायला तिची चोचच उघडत नसे. पुतळा तूर्त राजवाड्याच्या गार तळघरात नेऊन ठेवला.

पहिल्या दिवशी मांत्रिकाने चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. घटकाभर जाळ घालायचा, पण पाणी कोमटसुद्धा होता कामा नये. दरबारी गालातल्या गालात हसले. हसेनात का बापडे, त्यांनी कधी मूस पाहिली होती? कमळजेने मुशीत तांबे वितळताना शेकडो वेळा पाहिले होते. शेवटचा खडा वितळेपर्यंत कितीही भाता मारा, ताव, म्हणजे आतली धग, वर चढत नाही. सारी आग वितळवण्यातच खर्ची पडते. पाण्यात बर्फ असला तरी तेच. मग बर्फ आणायचा कुठून? तो तर मांत्रिकाच्याच पावलोपावली पडला होता. तिने सूप भरभरून गोळा केला, हंड्यात ओतला आणि पळीने ढवळत बसली. घटका भरली तेव्हा चार खडे अजून तरंगत होते. साळुंकीने चोच बुडवली आणि "गार" एवढेच म्हणाली. मांत्रिकाला स्वतःच्याच पायांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने पळसाच्या एका पानाचा द्रोण पुढे केला. यात पाणी उकळायचे, पण पान जळता कामा नये. कमळजेने द्रोण काठोकाठ भरला, ज्वाळा विझवल्या आणि नुसत्या निखाऱ्यांवर तो धरला. पानाला लागेल तो ताव पाणी ओढून घेई, आणि पाणी उकळू लागले की त्याचाही ताव तिथेच थांबे. पुढची आग वाफ होऊन उडून जाई. पाणी खळखळले, पान शाबूत राहिले. साळुंकीने मान डोलावली.

आता तुहिनाक्षाचा तोल गेला. गर्विष्ठ माणसाचे असेच असते, हरू लागला की घरदार पणाला लावतो. त्याने बर्फाचा एक हंस आणवला, वजनाने भानजीएवढा. "यात माझा प्राण आहे," तो म्हणाला. "उद्या दोघेही उन्हात ठेवू. मंत्र कुणी वापरायचा नाही. जो आधी वितळेल, त्याचा पक्ष हरला."

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताच दोन्ही पुतळे अंगणात आणले. मांत्रिकाने हंसाला वारा घालायला सोळा सेवक पंखे घेऊन उभे केले. कमळजेने काय करावे? बापाभोवती भाताचे तूस दाबून बसवले आणि वरून एकावर एक सात घोंगड्या गुंडाळल्या.

लोक हाय हाय करू लागले. पोरीला दुःखाने वेड लागले, बापाला उबवून मारते आहे, असे जो तो म्हणू लागला. दुपारी घोंगडीखालून पाण्याचा ओघळ आला, तेव्हा राजालाही राहवेना. तो सज्जातून खाली उतरला आणि घोंगडीला हात घालू लागला.

कमळजा आडवी उभी राहिली. चुकले असेल, तर बाप तिच्याच हाताने जात होता.

"महाराज, घोंगडी ऊब देत नाही," ती म्हणाली. "ती ताव अडवते. ओतलेली घंटा आम्ही तुसात पुरतो, आतला ताव बाहेर पळू नये म्हणून. जे आतला ताव बाहेर सोडत नाही, ते बाहेरचा आत कसा सोडील?"

राजाने हात मागे घेतला.

तिकडे पंखे जोरात चालले होते. अहो, वाऱ्याने बर्फ गार राहत नाही. नवनवी तापलेली हवा त्याच्या अंगावर येत राहते. हंसाची मान बारीक झाली, वाकली आणि तिसऱ्या प्रहरी गळून पडली. मांत्रिक ओरडत होता, "आणखी वारा घाला!" सेवकांनी आज्ञा पाळली. हंसाचे पाणी झाले, पाठोपाठ तुहिनाक्षाचे पाणी झाले, आणि तापल्या फरशीवर त्याची वाफही उडाली.

"ओतारीण जिंकली," साळुंकी म्हणाली.

मांत्रिकाबरोबर त्याचा शापही गेला, आणि घोंगड्यांच्या आत कुणीतरी शिंकले. कमळजेने तूस बाजूला केले. भानजी चिंब भिजलेला, पण जिवंत उभा होता. डाव्या करंगळीचे एक पेर तेवढे वितळून गेले होते. आता मात्र ती बापाच्या गळ्यात पडून रडली.

राजाने दोन्ही हात जोडले. "मी ती घोंगडी ओढली असती, तर याचा जीव माझ्या हातून गेला असता," तो म्हणाला. "माग, काय हवे ते."

कमळजेने डोळे पुसले. "काही नको. हात जोडायचे तर आमच्या भट्टीला जोडा."

राजा खरोखरच ओतारवाड्यात चालत गेला. भट्टीपुढे वाकला, आणि मागून सगळा दरबार वाकला. भानजी जन्मभर ती आखूड करंगळी लोकांना दाखवत सांगे, "एवढेच गेले. बाकीचा सगळा माझ्या लेकीने राखला." कमळजेला जसे ऐन वेळी घरचे शहाणपण आठवले, तसे तुम्हाआम्हालाही आठवो.