दुसरी ठिणगी

“आता यात काय उणं राहिलं, उस्ताद?”

सन्मती मगदूमनं तिसऱ्यांदा विचारलं. मिरजेतल्या त्या अंधाऱ्या दुकानात टेबलावर त्यानं बनवलेली पेटी होती. घरच्या विजेवर चालून तीन हजार व्होल्टचा स्थिर डीसी देणारी. ती न्यायला कॉलेजच्या प्रयोगशाळेची गाडी दाराशी उभी होती. पण उस्ताद नूरुद्दीन मुजावरांनी मागच्या पत्र्यावर खडूची खूण केल्याशिवाय या दुकानातून काहीच बाहेर जात नसे.

उस्ताद खडू हातात धरून नुसते बसले होते.

“पुन्हा दाखव.”

सन्मतीनं लाकडी चिमट्यानं पेटीतून निघालेल्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली. टक्... लाल दिवा लागला, काटा शून्यावर. टोकं सोडवून बटण दाबलं, काटा पुन्हा तीन हजारांवर जाऊन थांबला. तसूभर हलेना.

“शॉर्ट झालं की पापणी लवायच्या आत स्वतःला बंद करते. काही जळत नाही.”

“कुणाचं?”

“पेटीचं.”

“आणि माणसाचं?”

सन्मती हसला. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

उस्तादांनी प्लग काढायला लावला, झाकण उघडायला लावलं. आत वीज साठवणारे दोन कपॅसिटर होते, तुपाच्या डब्याएवढे.

“यांच्यावरचा रेझिस्टर कुठाय? बंद केल्यावर यांची वीज जिरवणारा?”

“काढला. दिवसभर फुकट तापत बसायचा. दांडा आहे की.”

दांडा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. वेताची काठी, टोकाला पितळी आकडा, आकड्यापासून जमिनीत गेलेली तार. पेटी उघडली की आधी कपॅसिटरला दांडा टेकवायचा, थोडं थांबून परत टेकवायचा, मगच हात घालायचा. दुसऱ्यांदा कशाला, हे उस्तादांनी कधी सांगितलं नाही. सन्मती त्याला म्हातारपणाचा चाळा म्हणे.

त्याच खिळ्याला एक चष्मा अडकवलेला होता. उस्तादांच्या मुलाचा, जमीरचा. सहा वर्षांपूर्वी तो याच टेबलावर गेला. दांडा टेकवायला विसरला, असं सगळी गल्ली म्हणायची. उस्ताद त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

“मी नाही विसरणार, उस्ताद. जमीरभाईंसारखं माझं...”

सन्मती थांबला. पण बोलून तर गेला होता.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “टेकव,” एवढंच म्हणाले.

सन्मतीनं दांडा टेकवला. धाडकन आवाज झाला, दुकान क्षणभर निळं झालं. त्यानं मीटर लावून दाखवला. शून्य.

“झाली रिकामी. करा खूण.”

“आधी चहा घे.”

चहा आला. बाहेर गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. उस्ताद बशीत ओतून सावकाश पीत राहिले. त्यांची नजर पेटीवर होती, पण सन्मतीचं लक्ष दाराकडे होतं.

कप ठेवून त्यानं पेटीत पडलेला एक स्क्रू उचलायला हात नेला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाची पकड, पण त्याला ती सोडवता आली नाही.

“शून्य होतं, उस्ताद. तुमच्यासमोर बघितलं.”

उस्तादांनी दुसऱ्या हातानं दांडा काढला आणि टेकवला.

चट्...

ठिणगी बारीक होती. पण उडाली. प्लग तर केव्हाच काढलेला, समोर टेबलावर पडला होता.

सन्मतीनं प्लगकडे पाहिलं.

“मी रिकामी केली होती... आली कुठून?”

“मुरलेली असते. वर यायला वेळ घेते.”

“किती?”

उस्तादांनी रिकाम्या कपाकडे बोट दाखवलं.

मग सन्मती उठला. गाडी परत पाठवून आला. खण उघडून तो काढून टाकलेला रेझिस्टर शोधला. त्याला भिंतीकडे बघवत नव्हतं, तरी त्यानं बघितलं.

“उस्ताद... लोक म्हणतात, जमीरभाई दांडा विसरले.”

उस्तादांनी खडू खिशात टाकला.

“विसरला नव्हता,” ते म्हणाले. “तेव्हा मी एकदाच टेकवायला शिकवत होतो.”