हौशीचं आसन

“...मग तिला मंत्र कुणी दिला? तुम्हीच ना?”

अच्युत उभ्या उभ्याच विचारत होता. एरवी तो धोंडीनाथ बाबांपुढे हात जोडल्याशिवाय तोंड उघडत नसे. आज तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“कुणाला रे?” बाबांनी विचारलं.

“त्या विड्या वळणाऱ्या पोरीला. हौशीला. काल तुम्हीच म्हणालात, आसन बघायचं तर खालच्या आळीत जाऊन तिचं बघ. आलो बघून.”

“मग?”

“सकाळपासून दुपारपर्यंत जागची हलली नाही. मांडीवर सूप, सुपात पानं अन् तंबाखू. बोटं तेवढी चालत होती. कपाळावर माशी बसली, तरी हात वर गेला नाही... माझी साधना नऊ वर्षांची आहे, बाबा. ती पोरच नऊ वर्षांची आहे.”



तसा अच्युत माणूस वाईट नव्हता. मास्तरकी सोडून मठात आला, पाणी भरलं, झाडलोट केली. पण आसनावर तासभर झाला की त्याचा गुडघा कुरकुरायचा, अन् मन तर त्याच्याही आधी. बाबा आता थकले होते. त्यांच्यामागं त्यांच्या आसनावर कुणी बसायचं, हे मठात कुणी उघड बोलत नसे. अच्युत मनातल्या मनात दुसरं काही बोलत नसे. संसारी माणूस भावाच्या माडीवर जळतो. हा शहाणा एका पोरीच्या बसण्यावर जळत होता.

“उद्या तिच्या शेजारी जाऊन बस,” बाबा म्हणाले. “ती उठल्यावर तू उठलास, तर हे आसन तुझं.”

दुसऱ्या दिवशी उजाडायला अच्युत हौशीच्या ओसरीवर हजर. आत तिची आई खोकत पडली होती.

“बसा म्हाराज,” ती आतूनच म्हणाली. “पण पोरीला बोलण्यात गुतवू नका. माझा हात चालत नाय आता. तिच्यावरच चूल हाय.”

तो बसला. हौशी बसलेलीच होती.

ऊन ओसरीवर चढलं. अच्युताच्या पायाला मुंग्या आल्या. त्यानं दातओठ खाऊन सहन केलं. हौशीनं पान कापलं, तंबाखू भरली, विडी वळली, दोरा बांधला. पुन्हा पान घेतलं.

बोळात पोरांचा लंगडीचा डाव रंगला. एक पोरगी ओरडली, “हौशे, येतीस का?”

हौशीनं मान वर केली नाही.

अच्युताच्या पोटात दुखलं. काय हे वैराग्य, तो मनाशी म्हणाला, आणि ते तिच्याकडून हिसकावून घ्यावंसं त्याला वाटलं. खोटं कशाला बोला, नऊ वर्षं देवासाठी त्याचा जीव इतका तुटला नव्हता.

तेवढ्यात त्याला तिचा पाय दिसला. सुपाखालून बाहेर आलेला पायाचा अंगठा एकटाच लंगडी घालत होता.

“बाळ,” त्यानं हळूच विचारलं, “बसतेस तेव्हा मनात काय धरतेस?”

प्रश्न कळायला तिला जरा वेळ लागला.

“उठायचं,” ती म्हणाली.

...

अच्युत मठात आला तेव्हा दुपारही झाली नव्हती.

“उठली ती?” बाबांनी विचारलं.

“नाही. मी उठलो.”

“उठताना कुणी अडवलं?”

“मला? मला कोण अडवणार?”

 अच्युतानं हात जोडले. मग मान खाली घालून म्हणाला, “अजून जीव जळतोय माझा, बाबा. तरी सांगतो. आसन तिचं आहे. तिला द्या.”

बाबा उठले. खालचं आसन झटकलं, त्याची घडी घातली आणि अच्युताच्या हातावर ठेवली.

“जा. देऊन ये.”

अच्युत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थबकला. हातातली घडी त्यानं उलगडून बघितली.

“बाबा... हे तर बसायचं आहे.”

“आसन म्हटल्यावर बसायचंच असणार.”

“तिला बसायला नको आहे.”

“मग काय देतोस तिला?”

अच्युत परत फिरला, त्यानं आसन बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. उलटसुलट करून बोटं निरखली.

“अच्युता,” ते म्हणाले, “तुला विड्या वळता येतात?”