जिनगरणीचे हेडफोन

ज्या गावात आता एकही घोडा उरला नव्हता, अशा एका गावात इंदुबाई नावाची जिनगरीण राहत होती. जिनगर म्हणजे घोड्यांची खोगिरं शिवणारे. घोडे गेले, दाभण तेवढा राहिला. मग इंदुबाई सोफ्याची कव्हरं शिवू लागली, आणि पुढे तालुक्याच्या धनपाल शेठनी तिला हेडफोनच्या गाद्या शिवायचं काम दिलं. शेठ बिनतारी हेडफोन जुळवून विकत. अख्खा कान झाकणारे, मोठाले. डब्यावर सोनेरी अक्षरांत 'दिवसभर आराम' असं छापलेलं असे. छापणाऱ्याने हेडफोन किती वेळ घालून पाहिला होता, याचा उल्लेख नसे.

एकदा जिल्ह्याच्या गावाहून साठ हेडफोनची मागणी आली. तिथे रुग्णवाहिका बोलावण्याचं एक केंद्र होतं. तिथल्या मुली आठ-आठ तास हेडफोन लावून लोकांचे फोन घेत. हे साठ पसंत पडले, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. म्हणजे इंदुबाई आणि तिच्या हाताखालच्या तिघी, अशा चार चुली वर्षभर पेटणार होत्या. नमुना शेठनी स्वतः पारखला. आरशासमोर उभे राहिले, हेडफोन चढवला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि म्हणाले, "झकास!" पारख संपली. तेवढ्यात चहाही निवला नव्हता.

साठ नग शिवून झाले. पण जिनगरांची एक रीत होती. नवं खोगीर गिऱ्हाइकाला देण्याआधी ते घोड्यावर बांधून दिवसभराची मजल मारायची आणि मग घोड्याची पाठ बघायची. इंदुबाईचे सासरे म्हणत, "घोडा तक्रारअर्ज लिहीत नाही. पाठ दाखवतो." आता घोडा नव्हता. इंदुबाईने हेडफोन स्वतःच्याच डोक्यावर चढवला आणि घरकामाला लागली.

शेजारच्या पारूबाईने हाक मारली, "काय गं इंदे, विमान कुठं उतरवणार?"

"तुझ्याच गच्चीवर. वाळवण उचलून घे."

पहिला तास मजेत गेला. दुपारी चष्म्याची काडी कानामागे रुतू लागली. पीठ काढायला वाकली, तर हेडफोन तिच्याआधी डब्यात. ऊन तापलं तसं चकचकीत रेक्झिन गालाला चिकटलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला बोलावलं. "अहो, माझे कान बघा."

दत्तोबांनी पाहिलं. कानामागे लाल वळ उठला होता. "खोगीर लागलंय," ते म्हणाले. "पण घोडी गुणाची. अजून लाथ मारली नाही."

"मारणार आहे," इंदुबाई म्हणाली आणि तिने शेठना फोन लावला.

"शेठ, साठच्या साठ नगांच्या गाद्या उसवते. चार दिवस उरलेत, मुदत थोडी वाढवून घ्या."

"अहो, मी घालून बघितलाय. छान आहे!"

"तुम्ही दोन मिनिटं घातलात. त्यांना आठ तास घालायचाय."

"इंदुबाई, लोक डबा बघून माल घेतात."

"डबा कानाला लावायचा नसतो, शेठ."

"मुदत वाढणार नाही. ती चुकली, तर पुढचं काम दुसऱ्याला."

इंदुबाईने फोन ठेवला आणि कात्री उचलली. हाताखालची शेवंता कुरकुरली, "काकी, एवढं कोण बघतंय?"

"बघणार कुणीच नाही. सोसणार आहेत."

खोगिरात घोड्याच्या कण्यावर दाब येऊ नये म्हणून मधे पन्हळ सोडतात. तशीच बारीक पन्हळ इंदुबाईने चष्म्याच्या काडीसाठी गादीत सोडली. रेक्झिन काढून सुती कापड घातलं, तेही काढून धुता येईल असं. डोक्यावरचा पट्टा रुंद केला, म्हणजे कान न आवळता नग जागेवर राहील. मग तो घालून तिने पुन्हा दिवसभर भाकऱ्या थापल्या, पाणी भरलं, झाडलोट केली. संध्याकाळी दत्तोबा म्हणाले, "आज फक्त कान दिसतो." तेव्हा कुठे चौघी शिवायला बसल्या.

चौथ्या दिवशी चाळीसच नग झाले होते. इंदुबाईने तेवढेच शेठकडे पाठवले, सोबत चिठ्ठी: 'वीस बाकी. परवा थेट केंद्रात घेऊन येते.' शेठनी चिठ्ठी खिशात घातली आणि दुकानातले जुने वीस नग भरून साठ पुरे केले. आकडा जुळला की माल जुळला, असा त्यांचा हिशेब होता.

ठरल्या दिवशी दुपारी इंदुबाई वीस नगांचं गाठोडं घेऊन एसटीने केंद्रात पोचली. चाळीस मुलींच्या डोक्यावर तिचे हेडफोन होते. वीस हेडफोन टेबलावर पडले होते, नाही, एकोणीस. विसावा कोपऱ्यातल्या खुर्चीत धनपाल शेठच्या डोक्यावर होता.

केंद्राच्या प्रमुख नलिनीताई म्हणाल्या, "तक्रारीवरून शेठना बोलावलं, तर म्हणतात, साठही नग सारखेच, साठही त्यांनीच पारखलेले. मग म्हटलं, ज्यांच्याबद्दल पोरी रडतात त्यांतला एक घाला आणि पाळी संपेपर्यंत बसा. सकाळी नवाला बसलेत."

"वाकडे का बसलेत?"

"सरळ बसले की चष्मा रुततो."

शेठनी इंदुबाईकडे पाहिलं. मग गाठोड्याकडे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अडीच वाजले होते. अब्रू आणि कान यांत त्यांना निवड करायची होती, आणि कान दुखत होता.

"ताई," ते म्हणाले, "ते चाळीस या बाईंनी शिवलेत. हे वीस माझ्या दुकानातले." मग हळूच पुढे झुकले. "इंदुबाई, त्या गाठोड्यातला एक आधी मला द्या."

इंदुबाईने दिला. शेठ प्रथमच सरळ बसले.

"वर्षाचं काम या बाईंचंच," नलिनीताई म्हणाल्या. शेठ लगबगीने उठू लागले, तशा त्या पुढे म्हणाल्या, "पण पाळी पाचला संपते, शेठ. बसा."

तात्पर्य: जी वस्तू दुसऱ्याने दिवसभर वागवायची, ती आधी आपण दिवसभर वागवून बघावी. आरशासमोरच्या दोन मिनिटांना पारख म्हणत नाहीत.